यंत्राच्या पोटातली सुपारी

१

यंत्र जागच्या जागी होतं. त्याच्या पोटातलं पात्यांचं चक्र तेवढं नाहीसं झालं होतं, आणि चक्राच्या जागी कुणीतरी एक सुपारी ठेवली होती.

"करणी आहे मॅडम," निशा म्हणाली. यंत्र चालवायचं काम तिचं, पण आज ती दारातूनच बोलत होती. "सकाळी झाकण उघडलं आणि बघते तर हे. मी हात नाही लावला. तुम्हीपण लावू नका."

नीरजा दांडेकरनं लावला. उद्योग खात्यात केस पांढरे केलेल्या बाईला करणीची भीती राहत नाही. तिनं सुपारी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. अख्खी, लहानशी, आणि नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत.

ही खोली एके काळी पिठाच्या गिरणीची. कसब्यातल्या या आळीत बुरुडांची घरं. सुपं, रोवळ्या, दुरड्या, लग्नातल्या परड्या, सगळं इथून जायचं. मग प्लॅस्टिक आलं आणि घरं एकेक करून गप्प होत गेली. सरकारनं योजना काढली: जे धंदे मागे पडले, त्यांना जागा द्या, यंत्र द्या, बाजार दाखवा. नीरजानं फाईलचा पाठपुरावा असा केला, की कचेरीत तिला बघून लोक जेवायला उठायचे. शेवटी केंद्र झालं. बांबूच्या कामट्या पाडणारं यंत्र आलं. बायका पुन्हा लग्नसराईच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या.

आणि परवा मुंबईहून समिती येणार होती. केंद्र चालू दिसलं तर कायम होणार. नाही दिसलं तर यंत्र उचलून दुसऱ्या जिल्ह्यात.

"पोलिसांना फोन लावू?" निशानं विचारलं.

"लाव. ते येतील, पंचनामा करतील, यंत्राला मुद्देमाल म्हणून सील ठोकतील. परवा समितीला आपण सील दाखवू. छान लाल असतं."

निशानं फोन पदराआड केला.

"कुलूप तुटलेलं नाही. किल्ली कुणाकडे असते?"

"मारुतीकडे."

"कोण मारुती?"

"कोण काय मॅडम? आपला मारुती." निशानं कोपऱ्यावरच्या देवळाकडे हात केला. "मूर्तीच्या मागं खिळ्याला असते. कुणालाही लागली तर बरी."

नीरजानं डोळे मिटले. कुलूप सरकारी नियमानं आणि किल्ली देवाच्या भरवशावर. म्हणजे चोर आळीतला कुणीही असू शकत होता.

२

इंद्रजीत हा केंद्राचा व्यवस्थापक. पोरगा प्रामाणिक होता, फक्त मराठी बोलताना त्याला मध्ये मध्ये दम लागायचा आणि तो इंग्रजीत बसून घ्यायचा.

"मॅडम, व्हेंडरशी बोललो. नवीन असेंब्ली यायला मिनिमम पंधरा दिवस. वुई आर फिनिश्ड."

"आपण अजून आहोत. संशय कुणावर?"

"ओपनली बोलू? सोजरमावशी. रोज सकाळी येतात, यंत्रासमोर उभ्या राहतात आणि शिव्या घालतात. लिटरली शिव्या."

"शिव्या घालणाऱ्या माणसाची वाफ रोजच्या रोज निघून जाते. चोरी करायला आत वाफ लागते."

"मग समोरचे अवधूतशेठ. त्यांना ही खोली गोडाऊनला हवी होती."

नीरजा यंत्राकडे वाकून बघत होती. चोर नीटनेटका होता. चक्र काढून घेतल्यावर त्यानं दांड्यावरचा नट परत घट्ट बसवला होता. सांडलेलं तेलही पुसलं होतं.

"हा नट उघडून दाखवा बरं."

इंद्रजीतनं पाना लावला. जोर केला. कानापर्यंत लाल झाला. नट हलायला तयार नव्हता.

"अहो सर, उलटा आहे तो!" निशा दारातून ओरडली. शेवटी तिलाच राहवलं नाही. आत येऊन तिनं पाना दुसऱ्या अंगाला फिरवला आणि नट लोण्यासारखा सुटला. "सगळे नट असे सुटतात, हा असा. फिटर जाताना मला एकटीला सांगून गेला होता..."

बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

"मॅडम, म्हणजे आता माझ्यावर येणार का? मी चार घरची भांडी सोडून इथं आले. हे गेलं तर मला परत त्याच मोरीत बसायचंय. मी कशाला माझाच पाट ओढीन?"

"तुझ्यावर काही येत नाही. रडू नकोस, पुढचं आठव. हे फिटरचं तू कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. नट उघडायला मी सगळ्यांदेखत उघडते, बायका विणत बसलेल्या असतात. पण बघतंय कोण?"

कुणीतरी बघत होतं, नीरजाच्या मनात आलं.

"आणि परवाचं काय करायचं?" इंद्रजीतनं विचारलं. "गेल्या मीटिंगला मीच म्हणालो होतो, वीज गेली तर बॅकअप काय? समितीला प्रॉडक्शन चालू दिसलं पाहिजे, यंत्रानं नाही तर हातानं. हातानं बारीक कामट्या काढणारं आहे का कुणी? सगळ्यांनी एकच नाव घेतलं. मच्छिंद्र. सोजरमावशींचा मुलगा. विश्रांतवाडीला एका सोसायटीत सिक्युरिटीला असतो. बोलावू?"

"अजून बोलावलं नाही?"

"मावशी म्हणाल्या, त्याचं नाव काढाल तर बघा."

"त्यांना बघू दे. तुम्ही फोन लावा."

३

अवधूतशेठच्या दुकानात प्लॅस्टिकचे क्रेट छतापर्यंत चढले होते. त्यांच्यामध्ये शेठ अडकित्ता घेऊन बसले होते आणि कातरलेली सुपारी स्टीलच्या डबीत पडत होती. आळीला एवढा पुरावा पुरेसा होता.

"या मॅडम. आरोपीला बसायला सांगायची पद्धत आहे की उभ्यानंच?"

"तुम्ही बसलेलेच आहात."

"अहो, दुकान माझं आहे. अजून तरी." त्यांनी अडकित्ता मिटला. "खोली मागितली होती मी. मिळाली नाही. राग आला होता, तो एकादशीला सोडला. आता त्या सात किलोच्या लोखंडाचं मी काय करू? आमटीत घालू?"

नीरजानं सुपारी काढून त्यांच्यासमोर ठेवली. शेठनी ती चष्मा वर करून पाहिली. नखानं टकटक वाजवली. मग त्यांचा आवाज खाली आला.

"ही खायची नव्हे. अडकित्ता मोडेल. ही देवातली आहे, मॅडम. रोज आंघोळ घातल्याशिवाय सुपारी अशी होत नाही. आमच्या आईच्या देवात होती, गणपती म्हणून बसवलेली." त्यांनी ती अलगद खाली ठेवली. "कुणी करणी करायला देवातला गणपती वापरतं का हो? एवढं तरी कळायला नको?"

"आळीला राग आहे तुमच्यावर."

"असणारच. त्यांच्या रोवळीच्या जागी माझी प्लॅस्टिकची गेली. मी विकली नसती तर दुसऱ्यानं विकली असती, हे मी रोज स्वतःला सांगतो." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "एक सांगू? आमच्या घरात तांदूळ बांबूच्याच रोवळीत धुतात. बायको दुसरी घरात घेत नाही. दुकानात बोलू नका."

नीरजाला हसू आलं, पण ते पुरतं यायच्या आत बाहेर धाडकन आवाज झाला. कुणीतरी क्रेटची चळत लाथेनं पाडली होती. दारात आळीतल्या बायका होत्या, पुढे निशा.

"मॅडम, आमचं ठरलंय. उद्या दिवेलागणीपर्यंत चक्र मिळालं नाही, तर आम्ही यांचं नाव घेऊन चौकीत जाणार. मग सील लागलं तरी चालेल. आमचं गेलं, तर यांचंही जाऊ दे."

अवधूतशेठनी डबीचं झाकण लावलं.

४

सोजरबाईचं घर आळीच्या टोकाला होतं. ती दारातच सुपाच्या कडा बांधत बसली होती. बोटं सांध्यांत सुजलेली, तरी कड अशी बसत होती की पाण्यानंही वाट विचारून जावं.

"बसा बाई. चहा टाकते."

"नको, आत्ताच..."

"आत्ताच अवधूतच्या दुकानात गेलात, तिथं चहा मिळत नाही. बसा."

ती आत गेली. नीरजा उंबऱ्यापाशी टेकली. दाराशेजारी एक निळं पीप होतं, वर ओलं पोतं टाकलेलं. कडेनं आंबूस वास येत होता. लहानपणी या आळीतून शाळेत जाताना तो नाकाला बिलगायचा. भिजलेल्या बांबूचा. इतकी वर्षं झाली, तिला वाटलं होतं हा वास जगातूनच गेला. तिनं एक दीर्घ श्वास घेतला आणि तो सोडायला तिचं मन होईना.

"तुम्ही यंत्राला शिव्या घालता म्हणे," चहा हातात आल्यावर तिनं विचारलं.

"घालते. का नाही घालू? माझ्या सासऱ्यांनी, नवऱ्यानं हातानं कामट्या काढल्या. कागदासारख्या. आणि हे मेलं घरघर करत येतं आणि दिवसाचं काम तासात. नवरा असता तर त्यानं त्याला पेकाटात लाथ घातली असती."

"मग तुम्ही त्यातल्या कामट्या घेता कशा?"

"घेते. माझी बोटं बघा. आता कोयता धरवत नाही. विणणं तेवढं उरलंय." तिनं बोटं पदरात घेतली. "पण म्हणून काय आरती करू त्याची? साधा नट म्हणाल तर तोही उलटा. सरळ म्हणून काही आहे का त्यात?"

"आणि मच्छिंद्र? तो येतोय उद्या. इंद्रजीतनं फोन केला."

सुपाची कड सोजरबाईच्या हातातून निसटली. तिनं ती परत धरायला जरा उशीर केला.

"कोण म्हणालं त्याला बोलवायला?"

"मी."

"मग तुम्हीच बघा. मी नाही बोलावलं. आळीला सांगा, सोजरनं बोलावलं नाही." ती मान खाली घालून बांधू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "दिवाळीला येतो. पाहुण्यासारखा. पाणी पितो आणि पेला स्वतः विसळून पालथा ठेवतो. सांगा बाई, स्वतःच्या घरात कुणी पेला विसळून ठेवतं?"

नीरजानं चहाचा कप खाली ठेवला. बाहेर पडताना तिला एकच गोष्ट खुपत होती. या घरात काहीतरी जागेवर नव्हतं, आणि ते काय ते तिला सांगता येत नव्हतं.

५

ते तिला घरी गेल्यावर कळलं.

खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या तिच्या घरात माणूस एकच. वडील होते तोवर दोघं होते. वडील गेल्यावर देवघरातले टाक मोठ्या भावाकडे नाशिकला गेले. रीतच ती. कुलदैवत थोरल्या मुलाकडे. लग्न न झालेल्या मुलीला कुणी विचारत नाही, आणि तिनंही विचारलं नव्हतं. फक्त टाक उचलले तेव्हा त्या जागी तिनं एक सुपारी ठेवली होती. आई तसं करायची. देव जत्रेला नेले, उजळायला दिले, की जागा रिकामी ठेवायची नाही. सुपारी ठेवायची. म्हणजे देवाला कळतं, की आपली जागा कुणी घेतलेली नाही, आपल्याला परत यायचंय.

तिचे देव परत यायचे नव्हते, तरी ती रोज त्या सुपारीला आंघोळ घालत होती.

आज तिनं दिवा लावला, आपली सुपारी हातात घेतली, आणि तिच्या हाताला ओळख पटली. यंत्रातल्या सुपारीचाच गुळगुळीतपणा.

करणी नव्हती ती. कुणीतरी पात्यांचं चक्र उचलताना, सवयीनं, हात जोडून, त्या जागी सुपारी ठेवली होती. चोरीच्या घाईतही त्या माणसाला जागा रिकामी सोडवली नव्हती. चोरच तो, पण परत आणून देणारा चोर. खोली बळकवायची असलेला माणूस असं करत नाही. आणि यंत्राला देव मानणारा माणूस त्या आळीत कोण? तर जो रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहून घरच्या माणसाला घालाव्यात तशा शिव्या घालतो, तो. परक्याला कोण रोज इतकं बोलतं?

मग बाकीचं आपोआप एकामागे एक आलं. नट उलटा आहे, हे निशानं कुणाला सांगितलं नव्हतं. व्यवस्थापकालाही माहीत नव्हतं. सोजरबाईला माहीत होतं. विणता विणता ती बघत होती. आणि ते पीप! यंत्राला बांबू सुका चालतो; भिजवावा लागतो तो हातानं फोडायचा बांबू. सोजरबाईला कोयता धरवत नाही. तरी तिच्या दाराशी बांबू भिजत होता, आणि आंबूस वास सुटण्याइतका जुना. म्हणजे चक्र गेलं त्याच्या आधीपासून.

ती बांबू भिजवून मोकळी झाली होती. मगच तिनं चोरी केली होती.

नीरजानं सुपारी जागेवर ठेवली. चोर सापडला होता. तिला आनंद झाला नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मच्छिंद्र आला. चाळिशीचा, अंगावर रखवालदाराची निळी पँट, वर साधा सदरा. आळीनं त्याला चहा दिला, चौकशा केल्या, आणि त्यानं पिपातल्या कांड्या बाहेर काढून केंद्रात नेल्या. कोयता त्यानं मागितला नाही. इंद्रजीतनंच तो सोजरबाईकडून आणून दिला. पात्याला नवी धार होती.

डावा गुडघा मोडून तो बसला. पहिल्या घावाला हात बुजला. दुसऱ्याला नाही. बांबू तडतडत उलगडत गेला आणि खोली त्या ओल्या वासानं भरून गेली. बायकांनी विणणं थांबवलं.

सोजरबाई आत आली नाही. ती रस्त्याच्या पलीकडे, अवधूतशेठच्या पायरीवर बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा. शेठनी पायरीवरचा एक क्रेट उचलून तिला जागा केली. नीरजा तिच्या शेजारी जाऊन टेकली.

"कुठं ठेवलंय?" नीरजानं विचारलं.

सोजरबाईनं केंद्राच्या खिडकीवरची नजर हलवली नाही. "काय?"

"सुपारी देवातली आहे. नट उलटा आहे हे फक्त निशाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला. आणि बांबू चोरीच्या आधीच भिजायला पडला होता."

केंद्रातून कोयत्याचा आवाज येत होता.

"ज्वारीच्या कणगीत," सोजरबाई म्हणाली. "धुऊन, कपड्यात गुंडाळून. गंज नाही लागायचा."

"का केलंत हो? केंद्र बंद पडलं असतं."

"नसतं पडलं. तो पोरगाच म्हणाला होता मीटिंगमध्ये, हातानं चालेल म्हणून. आणि सगळ्यांनी नाव घेतलं." तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं. "मला बोलावता येत नाही बाई. तो कोयता टाकून नोकरीला निघाला तेव्हा मी बोलून बसले. जातोस तर जा, पण माझ्या दारात परत कोयता मागायला येऊ नकोस म्हणाले. तो म्हणाला, बोलावल्याशिवाय कामाला बसणार नाही. आता कुणी कुणाला बोलवायचं? तुमचं सरकार तर बोलावू शकतं ना? म्हटलं, सरकारनंच बोलावू दे."

नीरजाच्या डोळ्यांसमोर तिनंच लिहिलेला प्रस्ताव आला. त्यात यंत्राला जागा होती, विजेला होती, झाडूलासुद्धा होती. निघून गेलेल्या माणसाला त्यात कुठे रकाना नव्हता.

"तो बसतो बघा कसा," सोजरबाई म्हणाली. "बाप असाच बसायचा. मला एवढंच बघायचं होतं."

आळीच्या तोंडाशी बायका गोळा व्हायला लागल्या होत्या. दिवेलागण जवळ आली होती. शेठनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

"सोजरबाई, आता दिलं नाहीत तर त्या चौकीत जातील. मग उद्या समितीला टाळं दिसेल. निशा परत भांडी घासायला जाईल."

"आणि आता दिलं तर तो उठेल. काम झालं म्हणेल, रात्रपाळी आहे म्हणेल." पहिल्यांदाच तिनं नीरजाकडे पाहिलं. "आज त्यानं रजा टाकलीय, यंत्र नाही म्हणून. एक रात्र माझ्या घरात झोपू दे. सकाळी मी स्वतः आणून देते. तुमच्या पाया पडते."

"पाया पडू नका. मला अवघडायला होतं."

नीरजा उठली. घोळक्यापुढे जाऊन उभी राहिली आणि कचेरीत शिपायावरही कधी काढला नव्हता असा आवाज तिनं काढला.

"चक्र सापडलंय. सकाळी समितीच्या आधी यंत्रात असेल. नसलं तर माझं नाव घेऊन चौकीत जा. अवधूतशेठचा यात काही संबंध नाही. ज्यांनी क्रेट पाडले त्यांनी ते उचलून रचायचे. आत्ता."

"पण कुणी नेलं होतं मॅडम?" निशानं विचारलं.

"साफसफाईसाठी काढलं होतं," नीरजा म्हणाली. धुतलं होतं, पुसलं होतं. खोटं त्यात फारसं नव्हतं.

७

सकाळी नीरजा लवकर पोचली, पण मच्छिंद्र तिच्या आधी केंद्रात होता. चक्र यंत्रात होतं. तो पाना घेऊन नट आवळत होता. उलट्या अंगानं.

"आईनं दिलं?"

"तिला वाटलं मी झोपलोय. उजाडायच्या आत कणगी उपसत बसली होती. मी उठून हातातून घेतलं. सात किलोचं वजन, तिनं कसं नेलं तिलाच ठाऊक." त्यानं पाना खाली ठेवला. "मला कालच कळलं होतं मॅडम. कांड्या पिपातून काढल्या तेव्हाच. मी बुरुड आहे. कधी भिजत घातल्या ते नाकाला कळतं. आणि कोयत्याला धार मला बोलावणं यायच्या आधीच लावलेली होती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले.

"बोललो असतो तर परत जावं लागलं असतं."

समिती आली, चहा प्याली, फोटो काढले. यंत्र घरघरलं. निशानं कामट्या पाडल्या, बायकांनी विणल्या, कोपऱ्यात मच्छिंद्र हातानं बारीक काम काढत राहिला. समितीतल्या एका बाईनं त्याच्या हातची कामटी उजेडात धरली आणि विचारलं, हे यंत्रात होत नाही का? सोजरबाई दारातून म्हणाली, "अजून शिकतंय ते." केंद्र कायम झालं. नीरजानं जाता जाता समितीच्या कानावर घातलं, की शिकवणाऱ्या कारागिराच्या मानधनाचं कलम योजनेत आहे, आजवर कुणी वापरलेलं नाही. समितीनं मान हलवली. समित्या हलवतात. मच्छिंद्रलाही तिनं सांगितलं. तो म्हणाला, बघतो. मुलीची शाळा तिकडं आहे, पाळी बदलून मिळते का बघतो. हो म्हणाला नाही.

दुपारी तो निघाला. सोजरबाईनं त्याला वाढलं होतं, तो जेवला होता, ताट त्यानं उचललं नव्हतं. आता ती दारात उभी होती आणि परत कधी येशील हे विचारायचं नाही म्हणून सुपाची कड बांधत होती. नीरजा निरोप घ्यायला आली आणि दोघांमध्ये अडकून पडली.

"भाकरी उरलीय," सोजरबाई सुपाला उद्देशून म्हणाली. "पिशवीत बांधून देऊ? बसमध्ये टाकून देता येईल पिशवी."

मच्छिंद्र चपला घालत होता. तो थांबला.

"पिशवी नको. डब्यात दे."

"डबा कशाला? माझ्याकडं एकच धड डबा आहे. तू तिकडं नेऊन ठेवशील."

"आणून देतो ना."

"लोक आणून देतो म्हणतात."

"आई," तो म्हणाला, "डब्यात दे."

सोजरबाई आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, मग बराच वेळ झाला नाही. नीरजानं आत डोकावलं. एका डब्यात भाकरी मावली असती. सोजरबाईनं चार कप्प्यांचा डबा काढला होता आणि ती एकेक कप्पा भरत होती. भाकरी, पिठलं, ठेचा. चौथ्या कप्प्यात घालायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती शेंगदाणे भाजायला बसली होती.

बाहेर मच्छिंद्रनं चपला काढल्या आणि तो परत उंबऱ्यावर बसला.